घर पाहिल्याशिवाय घराची किंमत

(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा लेखी मजकूर)



शिक्षकाला भाषणासाठी उभे केले की तो शिस्त, वाचन किंवा शिक्षणाचे महत्त्व यांपैकी कशावर तरी बोलणार, अशी आपली समजूत असते. त्या विषयांवर या व्यासपीठावरून माझ्यापेक्षा अधिकारी माणसे बोलून गेली आहेत. मी आज जरा निराळा विषय घेतला आहे. घराची किंमत कशी ठरते, आणि ती सांगणाऱ्या इस्टेट एजंटाने ते घर आधी स्वतः जाऊन का पाहिले पाहिजे, हा तो विषय.

शाळेच्या मेळाव्यात हा विषय कशाला, असे कोणी विचारील. त्याला कारणे दोन. आपल्या शाळेतून बाहेर पडलेली बरीच मुले आज हा व्यवसाय करीत आहेत आणि आणखी कित्येक करणार आहेत. दुसरे कारण पालकांचे. कोकणातल्या आपल्या बहुतेक कुटुंबांची सारी पुंजी एका घरात असते. कुवेत, दोहा, दम्माम येथे पंधरा-वीस वर्षे राबून माणूस काय मिळवतो? एक घर. तेच घर एक दिवस मुलाच्या शिक्षणासाठी विकावे लागते, घरातल्या आजारपणासाठी गहाण पडते, नाहीतर वडिलांच्या पश्चात भावाबहिणींत त्याचे हिस्से होतात. त्या दिवशी कोणीतरी एक आकडा उच्चारतो, आणि पुढचे सारे त्या आकड्यावर चालते.

हा आकडा हल्ली कसा निघतो ते आपण पाहतोच. एजंटाला फोन केला जातो. तो म्हणतो, "पत्ता पाठवा, चार फोटो पाठवा, संध्याकाळपर्यंत सांगतो." मग तो सरकारचा वार्षिक मूल्यदर तक्ता उघडतो, ज्याला आपण रेडी रेकनर म्हणतो. आसपास नुकताच झालेला एखादा सौदा आठवतो. क्षेत्रफळाला दराने गुणतो. आकडा तयार! गुणाकारात चूक नसते. पण ज्या दोन संख्यांचा गुणाकार केला त्या त्या घराच्या आहेत की नाहीत, हे त्याने पाहिलेलेच नसते.

रेडी रेकनर ही वाईट वस्तू आहे असे मी म्हणत नाही. मुद्रांक शुल्क आकारताना कोणी किंमत फारच कमी दाखवून सरकारचे शुल्क बुडवू नये, यासाठी तो तक्ता केलेला आहे. त्यात गावाचे किंवा शहराचे विभाग पाडून प्रत्येक विभागाला दर लावलेला असतो. इमारतीच्या वयाप्रमाणे घसाराही त्यात धरतात. परंतु एका विभागात शेकडो घरे असतात. त्यांतल्या एकाच्या अंगणात गोड्या पाण्याची विहीर आहे आणि दुसऱ्याच्या भिंतीला वाळवी लागली आहे, हे तक्त्याला कोठून कळणार? तो त्यासाठी केलेलाच नाही.

आता हा आकडा चुकला तर काय होते, ते एका उदाहरणाने सांगतो. विद्यार्थ्यांनी वही काढावी, कारण यात अपूर्णांक आहेत. एक गृहस्थ वारले. मागे पत्नी, दोन मुलगे आणि एक मुलगी. शरीयतप्रमाणे मुले असताना पत्नीला आठवा हिस्सा. उरलेल्या सात अष्टमांशांत मुलाला मुलीच्या दुप्पट. समान छेद केला तर घराचे चाळीस भाग होतात. आईला पाच, प्रत्येक मुलाला चौदा आणि मुलीला सात. बेरीज करून पाहा, चाळीस येते. एकरात गुंठेही चाळीसच असतात, त्यामुळे आपल्या वडीलधाऱ्यांना हा हिशेब बोटांवर करता येई.

माझ्या ओळखीच्या एका कुटुंबात नेमके हेच वारस होते. नावगाव सांगत नाही. थोरल्या भावाने घर ठेवून इतरांना त्यांच्या हिश्श्याचे पैसे द्यावेत असे ठरले. शहरातल्या एका एजंटाने फोटो पाहून फोनवरच 32 लाख रुपये किंमत सांगितली. बहिणीच्या वाट्याला 5 लाख 60 हजार आले. तिने हक्कसोड पत्रावर सही केली, दस्त नोंदला गेला. पुढे वर्षभरात भावाला कर्ज हवे होते म्हणून दुसरा एक माणूस घर पाहायला आला, आणि तो घराच्या मागच्या बाजूला गेला. तिथे परसाच्या गडग्यापलीकडे पूर्वी पायवाट होती. आता तेथून चांगला रुंद डांबरी रस्ता झाला होता. म्हणजे त्या जागेला दोन तोंडे होती, आणि फोटो सगळे पुढच्या ओटीचे होते. त्याने किंमत 52 लाख धरली. त्या हिशेबाने बहिणीचा हिस्सा 9 लाख 10 हजार होतो. साडेतीन लाखांचा फरक. तिची मुलगी तेव्हा फार्मसीला होती. आईचेही अडीच लाख कमी झाले, पण आईने त्याचा उच्चार केला नाही.

यात भावाची लबाडी नव्हती. त्याला जे सांगितले गेले तेच त्याने घरात सांगितले. त्या एजंटाचाही काही स्वार्थ नसावा. तो फक्त गेला नाही, एवढेच. भावाने नंतर काय केले तो त्यांच्या घरातला प्रश्न आहे. पण एक लाखाची चूक झाली की अशा घरात मुलीचे साडेसतरा हजार जातात किंवा येतात, हे लक्षात ठेवा. मोठ्या रकमेतली चूक नेहमी लहान हिश्श्याच्या माणसाला जास्त बोचते, आणि आपल्याकडे तो लहान हिस्सा बहुधा बहिणीचा असतो. बहीण आकड्याविषयी प्रश्न विचारत नाही, कारण माहेर तुटेल याची तिला भीती असते. म्हणून तिच्या वतीने कोणीतरी विचारले पाहिजे.

कोणी म्हणतील, कागदपत्रे आहेत ना! सातबारा आहे, घरपट्टीचा उतारा आहे, शहरात असाल तर मिळकत पत्रिका म्हणजे प्रॉपर्टी कार्ड आहे. खरे आहे, आणि कागद पाहिल्याशिवाय तर पुढे जाऊच नये. परंतु कागद काय सांगतो? सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असते, नावे असतात, इतर हक्कांत कुळाची किंवा बोजाची नोंद असते. कोकणात एकेका सातबाऱ्यावर पंधरा-सतरा सामाईक नावे निघतात. त्यांतले प्रत्यक्ष कोण कोठे राहते, कोणी कोणता कोपरा वहिवाटतो, शेजारच्याची न्हाणी आपल्या हद्दीत आली आहे काय, हे उतारा सांगत नाही. ते अंगणात उभे राहिल्यावर पाच मिनिटांत कळते. कित्येकदा विचारावेही लागत नाही, शेजारीण स्वतःच येऊन सांगते.

गावठाणातल्या घरांसाठी केंद्र सरकारने 2020 मध्ये स्वामित्व योजना सुरू केली, ड्रोन उडवून वरून मोजणी केली आणि मिळकत पत्रिका द्यायला सुरुवात केली. योजना उत्तम आहे. पण त्यातही ड्रोन येण्यापूर्वी माणसांनी गल्लोगल्ली फिरून हद्दींवर चुन्याच्या रेघा मारल्या, तेव्हाच वरून काही दिसले. आणि ड्रोनला छप्पर दिसते. छपराखाली काय आहे ते त्याला दिसत नाही.

आता छपराखाली जाऊ. आपले जुने घर म्हणजे जांभ्या चिऱ्याच्या भिंती, वर सागवानी किंवा किंजळाचे वासे आणि मंगलोरी कौले. असे घर पाहायला गेलेला जाणकार माणूस दिवाणखान्यात सरबत घेत बसत नाही, किंवा बसला तरी लवकर उठतो. तो वाशांना नखाने टोकरून पाहतो. वाळवीने पोखरलेले लाकूड बाहेरून शाबूत दिसते आणि बोटाखाली भुगा होते. तो पावसाळी बाजूच्या भिंतीवर हात फिरवतो, कारण तिकडे ओल आधी धरते. नुकताच रंग दिलेली एकच भिंत दिसली तर तो विचारतो, हीच का रंगवली? तो विहिरीत डोकावतो आणि पाणी चाखून पाहतो. खाडीलगतच्या गावांत एका घराचे पाणी गोड आणि चार घरे सोडून मचूळ असते. तो घराकडे येणारी वाट पावलांनी मोजतो. सहा फुटांची वाट असेल तर रिक्षा येईल. तीन फुटांची असेल तर आजारी माणसाला खुर्चीत बसवून बाहेर काढावे लागेल. ती वाट कोणाच्या जागेतून येते आणि तिची कोठे नोंद आहे काय, हेही तो विचारतो. परसातली कलमे किती, त्यांतली धरती किती, हे तो मोजतो. यातली एकही गोष्ट फोटोत येत नाही. फोटो घराचा मालक काढतो, आणि मालक काही वाळवीचा फोटो काढून पाठवत नाही.

व्हिडिओ कॉलवर सगळे दिसते असे हल्ली म्हणतात. दिसते, पण जिकडे कॅमेरा वळवला तिकडचेच. वासाचे काय? कुबट वास आला की ओल आहे हे नाकाला कळते. समोरच्या वखारीतल्या करवतीचा आवाज, सकाळच्या नळाला पाणी किती वेळ येते, भर दुपारी स्वयंपाकघरात दिवा लावावा लागतो की नाही, हे तिथे थोडा वेळ थांबल्यावर समजते. माझे मत विचाराल तर विहीर मे महिन्यात पाहावी आणि छप्पर जुलैत. दोन्ही वेळा जाणे प्रत्येकाला जमणार नाही, हे मलाही कळते. एकदा तरी जावे.

पुराची गोष्ट तर आपल्याला कोणी सांगायला नको. 26 जुलै 2005 रोजी महाड आणि चिपळूण बुडाले, आणि 22 जुलै 2021 रोजी वाशिष्ठीने चिपळूण पुन्हा बुडवले. पाटबंधारे खाते नदीकाठच्या गावांच्या नकाशावर दोन रेषा आखते. पंचवीस वर्षांतून एकदा येऊ शकेल अशा पुराची ती निळी रेषा, शंभर वर्षांतून एकदाच्या पुराची ती लाल रेषा. एजंटाने त्या पाहाव्यातच. पण एकाच बाजारपेठेत, एकाच रांगेत, एका घराचे जोते चार फूट उंच असते आणि शेजारच्याचे रस्त्याच्या पातळीला असते. पत्ता जवळजवळ एकच, दर एकच. एका घरात 2021 साली पाणी माळ्याला लागले होते आणि दुसऱ्यात कंबरेपर्यंत होते. भिंतीवरची खूण रंगाखाली गेली असेल, पण समोरच्या दुकानदाराला विचारा, "पाणी कुठवर आले होते हो?" तो तोंडाने उत्तर देणार नाही, आपला हात भिंतीवर ठेवून दाखवील. त्या हाताची उंची कोणत्याही तक्त्यात नाही, आणि त्या घराच्या किमतीत मात्र तिचा मोठा वाटा आहे.

आपल्यापैकी पुष्कळ लोकांचे फ्लॅट मुंब्रा, भिवंडी, कल्याण, पनवेल या भागांत आहेत. तेथे निराळ्या अडचणी. पहिली क्षेत्रफळाची. जुन्या करारांतून बिल्ट-अप, सुपर बिल्ट-अप अशी क्षेत्रे लिहिलेली आढळतात. त्यांत भिंतींची जाडी येते, जिना येतो, लिफ्टची जागाही येते. 2016 च्या रेरा कायद्याने चटई क्षेत्राची, म्हणजे कार्पेट एरियाची, व्याख्या बांधून दिली. आतले प्रत्यक्ष वापरायचे क्षेत्र, आतल्या विभाजक भिंती धरून. बाहेरच्या भिंती, बाल्कनी आणि उघडी गच्ची सोडून. आता समजा, करारात 850 चौरस फूट सुपर बिल्ट-अप आहे आणि टेप लावून मोजले तर चटई क्षेत्र 610 भरते. त्या भागात चटई क्षेत्राला 6000 रुपये भाव चालतो. घरी बसलेला एजंट 850 ला 6000 ने गुणतो आणि 51 लाख सांगतो. टेप घेऊन गेलेला 36 लाख 60 हजार सांगतो. 14 लाख 40 हजारांचा फरक एका टेपचा आहे. पहिला आकडा ऐकून विकणारा खूश होतो, त्यावर पुढच्या घराचे बयाणे देऊन बसतो, आणि मग सहा महिने गिऱ्हाईक येत नाही. बयाणे बुडते ते त्याचे, एजंटाचे नाही.

मोजण्यावरून आठवले. मी दरवर्षी नववीच्या मुलांना वर्गाची लांबी नुसती पाहून अदमासाने लिहायला सांगतो. अठरा फुटांपासून चाळीस फुटांपर्यंत उत्तरे येतात. वर्ग पंचवीस फुटांचा आहे, आणि ही मुले जूनपासून त्याच खोलीत बसलेली असतात!

दुसरी गोष्ट इमारतीच्या प्रकृतीची, आणि ती पैशांच्याही पलीकडची आहे. 24 ऑगस्ट 2020 रोजी महाडची तारिक गार्डन ही पाच मजली इमारत कोसळली आणि 16 माणसे गेली. पुढच्याच महिन्यात, 21 सप्टेंबरला, भिवंडीची जिलानी इमारत पहाटे झोपेतल्या माणसांवर पडली. जवळजवळ चाळीस जीव गेले. भिवंडीची इमारत जुनी होती, परंतु महाडची नवीनच म्हणावी अशी होती. वयावरून घसारा काढणाऱ्या कोणत्याही हिशेबाने तिच्या घरांची किंमत चांगलीच भरली असती.

येथे मला अतिशयोक्ती करायची नाही. एजंट हा इंजिनिअर नव्हे, आणि तो जाऊन आला असता म्हणून त्याला इमारत पडणार हे कळले असते, असे कोणी म्हणू शकणार नाही. पण जिन्याखालच्या खांबाचे प्लॅस्टर फुगले आहे, सळईचा गंज बाहेर दिसतो आहे, तळमजल्यावर दुकान मोठे करण्यासाठी भिंत काढली आहे, गच्चीवरून पाणी पाझरून वरच्या मजल्याच्या छताला काळे डाग पडले आहेत, एवढे तर साध्या डोळ्यांना दिसते. ते दिसले की त्याने आकडा न सांगता, "आधी स्ट्रक्चरल ऑडिट आणा," असे म्हणावे. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीसाठी पाच वर्षांतून एकदा आणि तीस वर्षांवरच्या इमारतीसाठी तीन वर्षांतून एकदा ही तपासणी सांगितली आहे. तिचा अहवाल सोसायटीच्या कपाटात असतो किंवा नसतो. त्यासाठीही सोसायटीच्या दारापर्यंत जावे लागते.

आता जरा नाजूक गोष्ट. आपल्या मोहल्ल्याचे नाव ऐकूनच काही एजंट भाव खाली आणतात. "तो भाग ना? तिथे एवढा येणार नाही," असे ते म्हणतात. त्यांना विचारा, आपण तिथे शेवटचे केव्हा गेला होता? बहुधा उत्तर मिळत नाही. गल्ली अरुंद असेल, अस्वच्छ असेल, तर भाव कमी येईल. त्याबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही, गल्ली स्वच्छ करावी. परंतु गल्ली न पाहता, नुसत्या नावावरून भाव कमी करणे हा अन्याय आहे, आणि त्यावर भांडण करण्यापेक्षा, "या, बघा, मोजा आणि मग सांगा," असे म्हणणे मला अधिक उपयोगाचे वाटते. याची उलट बाजूही आहे. आपलाच एखादा ओळखीचा एजंट, आपल्या माणसाला बरे वाटावे म्हणून, घर न पाहता भाव चढवून सांगतो. तोही तितकाच चुकतो. आपल्या माणसाचे घर आहे म्हणून त्याच्या वाशांना वाळवी लागायची थांबत नाही.

वर्गात हा विषय निघाला तेव्हा एका हुशार मुलाने मला विचारले की, सर, हे सगळे आता कॉम्प्युटर करणार नाही का? त्याला मी अमेरिकेतल्या झिलो या कंपनीची हकीकत सांगितली. या कंपनीजवळ तिकडच्या दहा कोटींच्या घरात घरांची माहिती आहे आणि तिचे गणिती यंत्र प्रत्येक घराची अंदाजी किंमत सांगते. त्या हिशेबांच्या भरवशावर कंपनीने स्वतः घरे विकत घेऊन पुन्हा विकण्याचा धंदा सुरू केला. 2 नोव्हेंबर 2021 रोजी तिने तो बंद करीत असल्याचे जाहीर केले. हाती असलेल्या घरांच्या किमतीत एका तिमाहीत सुमारे 30 कोटी डॉलरची घट दाखवावी लागली आणि जवळजवळ पाव नोकरवर्ग कमी करावा लागला. न्यायाने सांगायचे तर तेथे नुसता घर न पाहण्याचा दोष नव्हता. घरे घेताना कंपनीची माणसे पाहणी करीत होती. पुढच्या काही महिन्यांत भाव कोठे जातील हा अंदाज फसला. पण ही कंपनी स्वतःच आपल्या ग्राहकांना सांगते की, यंत्राने काढलेला आकडा म्हणजे मूल्यांकन नव्हे. शक्य असेल तर घर पाहा, माहितगार एजंटाला विचारा. इतकी माहिती जवळ असलेला असे म्हणतो, आणि आपल्याकडचा चार फोटो पाहिलेला मनुष्य छातीठोक आकडा सांगतो!

बँकेचे उदाहरण याहून जवळचे आहे. घरासाठी कर्ज मागायला जा. बँक आपला मूल्यांकनकार घरी पाठवते. तो खोल्या मोजतो, चारी हद्दी पाहतो, फोटो स्वतः काढतो आणि अहवालावर पाहणीची तारीख घालून सही करतो. बँकेला स्वतःचे पैसे घालायचे असतात, म्हणून ती माणूस पाठवते. आपणही आपलेच पैसे घालतो.

एजंटाच्या बाजूनेही बोलले पाहिजे, कारण त्यांतले काही या सभागृहात बसले आहेत. ते म्हणतील, दिवसाला दहा फोन येतात, त्यांतला एखादा सौदा होतो. प्रत्येक घरी गेलो तर पेट्रोलचे पैसे कोण देणार? सौदा झाला तर टक्का-दोन टक्के, न झाला तर शून्य. ही अडचण खरी आहे, आणि यात दोष आपल्या लोकांचा अधिक आहे. डॉक्टरने नाडी पाहिली तर आपण पैसे देतो. एजंटाने अर्धा दिवस घालवून घर पाहिले तर चहा देतो. शिवाय ज्याला फक्त सौदा झाल्यावरच पैसे मिळणार आहेत, त्याच्या आकड्याला एक ओढ असते. घर आपल्याकडेच विकायला यावे म्हणून तो चढा भाव सांगतो, किंवा लवकर विकले जावे म्हणून उतरता. पाहणीची ठरावीक फी आधी देऊन लेखी मत घेतले तर ही ओढ पुष्कळ कमी होईल असे मला वाटते. हजार-दोन हजार रुपये जातील. चाळीस-पन्नास लाखांच्या गोष्टीत ते फार नाहीत.

कायद्याचे म्हणाल तर, नोंदणीकृत प्रकल्पातली घरे विकून देणाऱ्या एजंटाला रेराखाली नोंदणी करावी लागते, आणि महाराष्ट्रात 2023 पासून त्यासाठी प्रशिक्षण घेऊन परीक्षा देऊन प्रमाणपत्र मिळवण्याची अट महारेराने घातली आहे. हे चांगले झाले. ज्या विद्यार्थ्यांना या व्यवसायात जायचे आहे त्यांनी ती परीक्षा जरूर द्यावी. आपल्या मुलींनीही द्यावी, कारण घर दाखवताना बाईमाणसाशी मोकळेपणाने बोलणारी व्यक्ती या धंद्यात फार कमी आहे, आणि घरातली ओल कोठे आहे ते बाईमाणसालाच ठाऊक असते. परंतु गावातले आपले जुने चिरेबंदी घर विकून देणाऱ्यापर्यंत हा कायदा बहुधा पोचत नाही. तेथे आपणच विचारायचे. आणि कोर्टात, प्राप्तिकरासाठी किंवा वाटणीच्या वादात किंमत लागणार असेल, तर एजंटाच्या मतावर न थांबता सरकारमान्य मूल्यांकनकाराचाच अहवाल घ्यावा. एजंट बाजारात काय येईल ते सांगतो, मूल्यांकनकार आपल्या सहीची जबाबदारी घेतो. दोघांची कामे निराळी आहेत. पाहणी मात्र दोघांनाही चुकत नाही.

शेवटी परदेशात असलेल्या बांधवांसाठी एक-दोन व्यवहाराच्या गोष्टी. हे भाषण स्मरणिकेत छापले जाणार आहे असे कळले, आणि ती स्मरणिका आखातात जाते हे मला माहीत आहे. आपल्याला सुटी मिळत नाही, म्हणून आपण फोनवर विचारता. विचारा. पण एजंटाने आकडा सांगितला की त्याला पुढचा प्रश्न करा, "आपण घरी कोणत्या तारखेला जाऊन आलात?" तारीख सांगता आली नाही तर तो आकडा कोणालाही कळवू नका, भावाला नको, बहिणीला नको, गिऱ्हाइकाला तर मुळीच नको, कारण एकदा घरात बोलला गेलेला आकडा परत घेता येत नाही. तारीख सांगितली तर एका कागदावर एवढे लिहून मागा: पाहणीचा दिवस, घरात त्या वेळी कोण हजर होते, प्रत्येक खोलीचे माप, वाट किती फुटांची आणि कोठून येते, विहिरीला किंवा नळाला पाणी कसे, पूर येत असल्यास कुठवर येतो, छप्पर व भिंती कशा आहेत, आणि कोणत्या दोन-तीन सौद्यांशी ताडून भाव काढला. खाली सही. गावी असलेल्या आपल्या आईला किंवा बहिणीला त्या वेळी घरात हजर राहायला सांगा, आणि कागदाची एक प्रत तिच्याजवळ ठेवा. टेप नसेल तर आपल्या शाळेच्या प्रयोगशाळेत पन्नास फुटी टेप आहे. कार्यालयात नाव लिहून तो नेता येतो. शनिवारी अकरापर्यंत परत आणून द्यावा, कारण अकरानंतर नववीचा तास असतो.